शस्त्रक्रियेनंतर अपेक्षाभंग : आधी कागद, मग कायदा

‘डॉक्टर, ऑपरेशन झाले, पैसे भरले, पण त्रास पूर्वीपेक्षा वाढलाच. आता कोणाला विचारायचे?’ दवाखान्यात हा प्रश्न अनेकदा कानी पडतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात रागापेक्षा संकोच अधिक असतो. ज्या डॉक्टरांच्या हाती जीव सोपवला, त्यांच्याविषयी शंका घेणे ज्येष्ठ पिढीला प्रशस्त वाटत नाही. शिवाय ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या अंगवळणी पडलेली. मग ‘वयच झाले आता, नशिबात होते ते झाले’ असे म्हणून रुग्ण गप्प बसतो. काही घरांत याच्या अगदी उलट घडते. तरुण नातेवाईक संतापतात, रुग्णालयात आवाज चढतो, काचा फुटतात आणि ज्यांची खरोखर तक्रार होती तेच आरोपी होऊन बसतात. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि केलेल्या नुकसानीच्या दुप्पट भरपाई अशी तरतूद आहे.

मौन आणि मोडतोड यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग आहे. तो शांतपणे, पायरीपायरीने चालण्याचा आहे. या अंकात त्या मार्गाचा परिचय करून घेऊ. मी वकील नाही. सामान्य रुग्णसेवा करणारा डॉक्टर आहे. त्यामुळे प्रत्यक्ष कारवाईपूर्वी कायदेतज्ज्ञाचा सल्ला घ्यावाच. परंतु वकिलाकडे जाण्याआधी रुग्णाने आणि त्याची काळजी घेणाऱ्यांनी जे समजून घ्यायला हवे, ते येथे सांगण्याचा प्रयत्न आहे.

आपल्याच भागातील एक खटला

या विषयावरील देशभर उद्धृत होणारा एक निकाल आपल्या मराठवाड्यातील आहे. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो कायद्याच्या ग्रंथांत नोंदलेला आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक महिला बाळंतपणासाठी दाखल झाल्या. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. बाळंतपण सुखरूप झाले. त्यानंतर तीन दिवसांनी, १३ जुलै रोजी, त्यांच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. ही शस्त्रक्रिया साधी समजली जाते. परंतु लगेचच त्यांना तीव्र ताप आला व पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. १९ जुलै रोजी दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत पू झालेला होता आणि शस्त्रक्रियेत रक्त टिपण्यासाठी वापरला जाणारा टॉवेलसारखा कापडी तुकडा आतच राहिलेला आढळला. २४ जुलै रोजी त्या महिलेचा मृत्यू झाला. मागे पती आणि लहान मुले राहिली.

पतीने दिवाणी दावा दाखल केला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयात तो निकाल उलटला. अखेर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निर्णय दिला आणि सरकारी रुग्णालयातील निष्काळजीपणाची जबाबदारी राज्य शासनावर येते, हे स्पष्ट केले. रुग्णालय चालवणे हे काही राजसत्तेचे असे कार्य नव्हे, की त्यामागे शासनाला लपता यावे, असा त्याचा आशय होता. घटना १९६३ ची आणि अंतिम निकाल १९९६ चा. मध्ये ३३ वर्षे गेली.

या निकालात आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू आल्या आहेत. न्यायालयाने त्यात असेही म्हटले आहे की, प्रत्येक डॉक्टरचे कौशल्य सारखे नसते, एकाच आजारावर उपचाराचे एकाहून अधिक मार्ग असू शकतात आणि डॉक्टरने योग्य ती काळजी व दक्षता घेतली असेल, तर केवळ रुग्ण बरा झाला नाही म्हणून त्याला दोषी धरण्याची घाई न्यायालयांनी करू नये. मात्र पोटात कापड राहणे ही गोष्टच अशी आहे की, काळजी घेतली असती तर ती घडली नसती. तेथे निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करण्याची गरज फारशी उरत नाही; वस्तुस्थिती स्वतःच बोलते.

वाईट परिणाम आणि निष्काळजीपणा

हा भेद नीट समजला की निम्मा गोंधळ संपतो. कायदा डॉक्टरकडून यशाची हमी मागत नाही. तो वाजवी काळजी मागतो. १९५३ साली पुण्यात घडलेल्या एका घटनेवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली होती : रुग्णाला उपचारासाठी स्वीकारावे की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार देताना काळजी. आजही विचारांची बैठक तीच आहे.

आपल्या वयोगटातील नेहमीची उदाहरणे घेऊ. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम झाली, भिंग जागेवर बसले; तरीही दिसत नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला आधीच इजा झालेली असेल, तर असे होऊ शकते. हा दोष शस्त्रक्रियेचा नव्हे. मात्र पडद्याची अवस्था आधी तपासलीच नव्हती किंवा तपासून रुग्णाला सांगितली नव्हती, तर प्रश्न उभा राहतो. गुडघ्याचा सांधा बदलल्यावर काहींना बरेच महिने दुखते. काहींना पूर्ण समाधान कधीच मिळत नाही. हेही ज्ञात आहे. परंतु उजव्याऐवजी डावा गुडघा उघडला, तर त्याला गुंतागुंत म्हणता येणार नाही.

जंतुसंसर्गाचेही तसेच. मधुमेही, कुपोषित किंवा तंबाखूच्या आहारी गेलेल्या रुग्णाचे टाके पिकण्याचा धोका सर्व दक्षता घेऊनही राहतो. म्हणून टाके पिकले याचा अर्थ डॉक्टर चुकले असा लगेच होत नाही. पण रुग्ण पाच दिवस तापाने फणफणला, जखमेतून पू येत होता, नातेवाईक वारंवार सांगत होते आणि तरीही कोणी जखम उघडून पाहिली नाही, तर त्या दुर्लक्षाचा जाब विचारता येतो. गुंतागुंत उद्भवणे डॉक्टरच्या हाती नेहमीच नसते. ती वेळीच ओळखणे व तिच्यावर उपचार करणे मात्र त्याचे कर्तव्य असते.

संमती हा तिसरा मुद्दा. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रुग्ण सज्ञान व निर्णयक्षम असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर त्याची स्वतःचीच संमती हवी. त्या प्रकरणात दुर्बिणीने तपासणी करण्यास आणि गरज भासल्यास तेवढ्यापुरते पोट उघडण्यास रुग्ण महिलेने संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय व बीजांडे काढण्यात आली. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. आपल्या घरांतून अजूनही सहीसाठी मुलाला किंवा जावयाला पुढे केले जाते आणि आजी-आजोबांना काही विचारलेही जात नाही. आजी सत्तर वर्षांच्या असल्या तरी शरीर त्यांचे आहे. समजावून घेण्याचा आणि सही करण्याचा पहिला अधिकार त्यांचाच.

त्याचबरोबर हेही लक्षात ठेवावे की, संमतीपत्रावर सही केली म्हणजे तक्रारीचा हक्क गेला असे होत नाही. सही जोखमीला असते, निष्काळजीपणाला नव्हे.

पहिली पायरी : उपचार थांबवू नका

शस्त्रक्रियेनंतर त्रास होत असेल, तर सर्वप्रथम त्याच डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. हे सांगण्याचे कारण वैद्यकीय आहे. शस्त्रक्रियेत काय आढळले, काय केले, हे त्यांना सर्वाधिक ठाऊक असते. भेटीची तारीख व तक्रार केस पेपरवर लिहून घ्यावी. बऱ्याचदा दहा मिनिटांच्या मोकळ्या बोलण्याने शंका मिटते आणि पुढील उपचार सुरू होतो.

याला कायदेशीर बाजूही आहे. मुंबईतील एका प्रकरणात १९९३ मध्ये पित्ताशयातील खड्यांसाठी शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर त्या रुग्ण महिलेला नऊ वर्षे पोटदुखी होती. २००२ मध्ये सीटी स्कॅन झाले, दुसऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि पोटात राहिलेला गॉझ निघाला. २००४ मध्ये त्यांनी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० मध्ये न्यायालयाने ती तक्रार मुदतबाह्य ठरवली. दोष लपलेला असेल, तर तो उघड झाल्यापासून मुदत मोजता येते, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. परंतु इतकी वर्षे दुखत असताना आणि स्वतः परिचारिका असूनही त्या महिलेने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी संपर्क साधला नाही, वेळीच शोध घेतला नाही, हे तिच्या विरोधात गेले.

औरंगाबादचा खटला आणि मुंबईचा खटला शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत पोटात कापड राहिले. एका कुटुंबाने वेळेत दाद मागितली आणि ३३ वर्षांनी का होईना, न्याय मिळाला. दुसरीकडे दुखणे खरे असूनही दार बंद झाले. अंगावर दुखणे काढण्याची आपल्याकडील स्त्रियांची सवय प्रकृतीला जशी घातक, तशीच हक्कालाही.

दुसरी पायरी : कागद मागा

रुग्णाची कागदपत्रे ही रुग्णालयाची मेहेरबानी नव्हे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार, दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे आवश्यक आहे. आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास पोच देऊन ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात स्पष्ट केले होते की, गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णालयाला रुग्णाचीच कागदपत्रे रुग्णापासून दडवता येणार नाहीत. नकलांचा खर्च तेवढा आपण द्यायचा.

अर्ज साध्या कागदावर करावा. रुग्णाचे नाव, दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख, नोंदणी क्रमांक आणि पुढील कागदांची मागणी लिहावी :

• संपूर्ण आंतररुग्ण केस पेपर, परिचारिकांच्या नोंदी व तापाचा तक्ता
• शस्त्रक्रियेची टिपणी व भूलतज्ज्ञाची टिपणी
• संमतीपत्राची प्रत
• रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन यांचे अहवाल व फिल्म
• कृत्रिम सांधा, भिंग, प्लेट वगैरे बसवले असल्यास त्याच्या वेष्टनावरील स्टिकर
• डिस्चार्ज कार्ड व तपशीलवार बिल

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. पोच मिळत नसेल, तर नोंदणीकृत टपालाने पाठवावा. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल, तर त्याच्या सहीचे किंवा अंगठ्याचे अधिकारपत्र सोबत जोडावे. आपल्याकडील मूळ कागद कोणालाही देऊ नयेत. फक्त प्रती द्याव्यात. औषधांच्या पावत्या, गाडीभाड्याच्या नोंदी आणि घरी ठेवलेल्या मदतनिसाचा खर्च हेही एका वहीत तारीखवार लिहावे. भरपाई मागताना याच नोंदी उपयोगी पडतात.

अर्ज करताना भाषा सौम्य असावी. ‘पुढील उपचारासाठी कागद हवेत’ एवढे कारण खरे असते आणि पुरेसेही असते.

तिसरी पायरी : दुसरे मत

कागद हाती आल्यावर त्याच विषयातील दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवावे. डोळ्यासाठी नेत्रतज्ज्ञ, सांध्यासाठी अस्थितज्ज्ञ. शक्य असल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञ गाठावा. तेथे जाऊन ‘कोणाची चूक?’ असे विचारले की डॉक्टर सावध होतात. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : आता नेमके काय झाले आहे? हे सर्वसाधारणपणे घडणाऱ्या गुंतागुंतीपैकी आहे का? आणि आता काय करता येईल? उत्तर कागदावर लिहून मिळाले तर उत्तम.

या भेटीतून बहुतेकांना आपला मार्ग दिसतो. काहींना कळते की झाले ते दुर्दैवी होते, पण कोणाचा दोष नव्हता. मनावरचे ओझे उतरते. काहींना शंका रास्त असल्याचे समजते. मगच पुढची दारे.

दारे कोणती आणि कोणते कशासाठी?

येथे अनेकांची गल्लत होते. प्रत्येक दाराआड वेगळी गोष्ट मिळते. आपल्याला काय हवे आहे, हे आधी ठरवावे.

*स्पष्टीकरण किंवा बिलाची दुरुस्ती हवी असेल,* तर प्रथम रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार करावी. महाराष्ट्रातील खासगी रुग्णालये १९४९ च्या नोंदणी कायद्याखाली येतात. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांच्या सनदेची भर पडली. सनद दर्शनी भागात लावलेली असावी. रुग्णालयाकडून दाद न मिळाल्यास ग्रामीण व नगरपालिका भागात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे आणि महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाता येते. रुग्णालय तडजोडीदाखल बिल माफ करत असेल किंवा दुरुस्तीची शस्त्रक्रिया विनामूल्य करून देत असेल, तर विचार जरूर करावा. मात्र ‘माझी काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर वाचल्याशिवाय सही करू नये.

*डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाची चौकशी हवी असेल,* तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करावी. ताकीद देणे, ठरावीक काळासाठी किंवा कायमचे नोंदवहीतून नाव काढणे, हे कौन्सिलचे अधिकार. तेथे भरपाई मिळत नाही. कौन्सिलकडे ॲलोपॅथीचे डॉक्टर नोंदलेले असतात. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी राज्यात वेगळ्या परिषदा आहेत. म्हणून प्रथम डॉक्टरचा नोंदणी क्रमांक व पदवी पाहावी.

*आर्थिक भरपाई हवी असेल,* तर ग्राहक आयोग हा सर्वांत सोपा मार्ग. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये सांगितले. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यातही हे कायम आहे, यावर २०२२ मध्ये पुन्हा शिक्कामोर्तब झाले. बिल विमा कंपनीने भरले असले, तरी रुग्ण ग्राहकच राहतो. काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या आणि गरिबांवर मोफत उपचार करणाऱ्या रुग्णालयांतील मोफत रुग्णांनाही हा हक्क आहे.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की, जालना, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद येथील असंख्य रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठतात. जुन्या कायद्यात तक्रारीसाठी तिकडेच हेलपाटे घालावे लागत. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे शस्त्रक्रिया पुण्यात झाली असली, तरी तक्रार जालन्यात करता येते. गुडघ्याच्या रुग्णाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. भरपाई किती मागितली, यावर हे ठरत नाही. बिल किती भरले, यावर ठरते. बिल पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. पाच ते दहा लाखांसाठी केवळ २०० रुपये. वकील लावणे बंधनकारक नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा आयोगाचा निर्णय मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. त्या आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. कायद्याला तक्रारी काही महिन्यांत निकाली निघणे अपेक्षित असले, तरी वैद्यकीय प्रकरणांना प्रत्यक्षात वर्षे लागतात, ही मनाची तयारी ठेवावी.

आणि मुदत : कारण घडल्यापासून दोन वर्षे. उशिराचे सबळ कारण दिल्यास आयोग सवलत देऊ शकतो, पण ती गृहीत धरू नये.

*सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयात* नुकसान झाले असेल, तर ग्राहक आयोगाचे दार सहसा उघडत नाही. परंतु दिवाणी न्यायालयाचे उघडे असते. खोडवा कुटुंबाने तेच ठोठावले होते. शासनाविरुद्ध दावा करण्यापूर्वी साधारणतः दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. मुदत आणि कोर्ट फी यांविषयी वकिलाला लगेच विचारावे. खर्चाची चिंता असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

पोलीस ठाण्याचे दार शेवटी

संतापाच्या भरात लोक प्रथम पोलीस ठाणे गाठतात. येथे थोडे थांबावे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितले की, डॉक्टरला गुन्हेगार ठरवण्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही. तो अतिशय गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. कारवाईपूर्वी तपास अधिकाऱ्याने त्या विषयातील स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतील, डॉक्टरचे मत घ्यावे, असेही बंधन घातले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार, वैद्यकीय उपचार करताना निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. परंतु फौजदारी खटल्याचा हेतू शिक्षा हा आहे. रुग्णाच्या पुढील उपचारांचा खर्च त्यातून सहसा निघत नाही. मद्यपान करून शस्त्रक्रिया केली, पात्रताच नसताना केली, कागदपत्रांत खाडाखोड केली, असे काही असेल तर गोष्ट वेगळी. मृत्यू संशयास्पद वाटत असेल, तर मात्र अंत्यसंस्कारापूर्वी शवविच्छेदनाची लेखी मागणी करावी. तो पुरावा नंतर कोणीही आणून देऊ शकत नाही.

काळजी घेणाऱ्यांसाठी

एक गोष्ट मुले-सुना, लेकी-जावई यांना आवर्जून सांगावीशी वाटते. तक्रार करायची की नाही, हे रुग्णाला विचारा. पंच्याहत्तरीच्या आजोबांना कधी भरपाईपेक्षा एवढेच हवे असते, की डॉक्टरांनी समोर बसवून काय झाले ते सांगावे. त्यांना आयोगाच्या तारखा नको असतात. हा निर्णय त्यांचा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. दुसरीकडे, एखाद्या आजींना खरोखर दाद मागायची असते. पण ‘मुलांना त्रास नको’ म्हणून त्या बोलत नाहीत. त्यांना बोलते करणे हेही शुश्रूषेचेच काम आहे.

माझ्या व्यवसायबंधूंच्या दृष्टीनेही हा मार्ग हिताचा आहे. व्यवस्थित नोंदी ठेवणाऱ्या, रुग्णाशी खरे बोलणाऱ्या डॉक्टरला कागद देण्याचे भय नसते. खोडवा निकालाने जशी निष्काळजीपणाची जबाबदारी निश्चित केली, तसेच प्रामाणिकपणे काळजी घेणाऱ्या डॉक्टरला संरक्षणही दिले.

न लढणे हीसुद्धा एक योग्य निवड असू शकते. मात्र ती माहिती घेऊन, वेळेत केलेली निवड असावी. दोन वर्षे नकळत उलटून गेल्यामुळे झालेली नसावी. म्हणून घरातील कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा नुकतीच झाली असेल, तर आज एवढेच करा : एक जाड पुठ्ठ्याची फाईल घ्या, तीत सगळे कागद तारखेनुसार लावा आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत शस्त्रक्रियेची तारीख लिहा. सर्व ठीक झाले, तर पुढच्या डॉक्टरांना ती फाईल उपयोगी पडेलच. ठीक झाले नाही, तर त्याच तारखेच्या खाली दोन वर्षांनंतरची तारीख लिहून ठेवा.